भांडी घासण्याचा हिशेब

गेल्या एप्रिलात आमच्या इमारतीला दिवसाआड टँकर घ्यावा लागला. महिनाअखेरीस वर्गणीचा आकडा फलकावर लागला आणि घरोघरी 'पाणी जाते तरी कुठे' याची चौकशी सुरू झाली. आमच्या घरातली चौकशी भांड्यांच्या नळापाशी येऊन थांबली. नववीतली आमची मुलगी म्हणाली, "बाबा, भांडी धुण्याचं यंत्र घेऊ या. बारा लिटर पाण्यात सगळी भांडी निघतात म्हणे!" भांडी घासायला येणाऱ्या मावशी तेव्हा तिथेच होत्या. त्या नुसत्या हसल्या, पण जाताना दाराशी थांबून म्हणाल्या, "सर, मशीन आणणार असाल तर महिनाभर आधी सांगा हं. दुसरं घर बघायला वेळ लागतो."

यानंतर घाईने 'हो' किंवा 'नाही' म्हणणे मला बरे वाटेना. भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माणसाने निदान हिशेब तरी नीट मांडावा, म्हणून एक मापाची बादली, घड्याळ आणि वही घेऊन मी कामाला लागलो. तो हिशेब तुमच्यापुढे ठेवतो. त्यातले दर आमच्या घरचे आहेत. तुम्ही तुमच्या घरचे घाला.

यंत्र काय करते?

हे यंत्र काही कालपरवाचे नाही. अमेरिकेतील इलिनॉय राज्यातल्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंना २८ डिसेंबर १८८६ रोजी अशा यंत्राचे पेटंट मिळाले आणि १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रे लोकांनी पाहिली. भांडी जाळीत नीट रचून ठेवायची आणि त्यांच्यावर जोराने पाण्याचे फवारे मारायचे, ही त्यांची कल्पना आजही कायम आहे.

आजच्या यंत्रात भांड्यांच्या खाली आणि वर फिरते हात असतात. त्यांच्या भोकांतून पाणी तिरके उडते आणि त्याच्या प्रतिक्रियेने हात उलट दिशेने फिरतात. हा न्यूटनचा तिसरा नियम! यंत्रात घासणी नसते. घासण्याचे काम उष्णता आणि रसायने वाटून घेतात. गरम पाण्याने तूप-तेल पातळ होते, अल्कधर्मी अपमार्जक स्निग्ध पदार्थ सोडवतो आणि त्यातली विकरे पिष्टमय पदार्थ व प्रथिने तोडतात. बोअरचे पाणी दुष्फेन असेल तर त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियमचे आयन काढून त्यांच्या जागी सोडियमचे आयन देणारी राळ यंत्रात असते. ती राळ पुन्हा ताजी करण्यासाठी अधूनमधून मीठ घालावे लागते.

आपल्याकडे मात्र काही भांडी यंत्रात जाऊ शकत नाहीत. लाकडी पोळपाट-लाटणे पाण्याने फुगते, लोखंडी तवा गंजतो आणि ॲल्युमिनियमचा कुकर अल्कामुळे काळा पडतो. हिशेबात ही भांडी विसरून चालणार नाही.

उष्णतेचा हिशेब

आता आकडेमोड करू. समजा, यंत्र एका वेळी ३ लिटर याप्रमाणे चार वेळा पाणी घेते, म्हणजे एकूण १२ लिटर. यांपैकी दोन वेळचे पाणी २५ अंशांपासून ६५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवले जाते. पाण्याची विशिष्ट उष्मा दर किलोग्रॅमला, दर अंशाला ४.२ किलोज्यूल आहे. म्हणून एका वेळच्या पाण्यासाठी

३ × ४.२ × ४० = ५०४ किलोज्यूल.

पण पाण्याबरोबर भांडी आणि यंत्राचे आतले अंगही तापते. हे सगळे मिळून २५ किलोग्रॅम पोलाद धरू. पोलादाची विशिष्ट उष्मा सुमारे ०.५ आहे.

२५ × ०.५ × ४० = ५०० किलोज्यूल.

गंमत पाहा, पंचवीस किलो पोलाद तापवायला आणि तीन किलो पाणी तापवायला जवळजवळ सारखीच उष्णता लागली! दोन्ही मिळून सुमारे १,००० किलोज्यूल. दुसऱ्या खेपेला भांडी थोडी कोमट असतात, म्हणून उष्णता काहीशी कमी लागते. दोन्ही खेपांचे मिळून १,८०० किलोज्यूल धरू. एक युनिट वीज म्हणजे ३,६०० किलोज्यूल. तेव्हा हे अर्धे युनिट झाले. त्यात पंपाची वीज आणि तास-दीड तास स्वयंपाकघरात निसटत राहणारी उष्णता मिळवली, की एका धुण्याला साधारण एक युनिट लागते हे पटते.

युरोपातले उत्तर इथे चालेल का?

यंत्र हातापेक्षा काटकसरी असते असे अनेकदा वाचायला मिळते. जर्मनीतील बॉन विद्यापीठात या शतकाच्या सुरुवातीला यावर प्रयोग झाले. युरोपातील निरनिराळ्या देशांच्या लोकांना बारा जणांची जेवणाची भांडी हाताने धुवायला दिली, तेव्हा सरासरी सुमारे १०० लिटर पाणी आणि सुमारे अडीच युनिट ऊर्जा खर्च झाली. यंत्राला दोन्ही कमी लागले.

पण हाताने धुताना अडीच युनिट कशात गेले? उलटा हिशेब करा. अडीच युनिट म्हणजे ९,००० किलोज्यूल. त्याला १०० × ४.२ ने भागले की सुमारे २१ अंश येतात. म्हणजे ते लोक थंडगार पाणी २१ अंशांनी तापवून, कोमट करून वापरत होते! आपल्या बहुतेक घरांत भांड्यांसाठी पाणी तापवत नाहीत. नळाचे पाणी, घासणी, साबण आणि मनगटाचा जोर यांवर काम भागते. तेव्हा उत्तर बरोबर असले, तरी ते दुसऱ्या गणिताचे आहे. विजेच्या खात्यात आपले हात यंत्राला केव्हाच हरवतात.

कोणी म्हणेल, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवायला वीज लागतेच की! तेही पाहू. १२० लिटर पाणी १५ मीटर चढवायला १२० × ९.८ × १५ = १७,६४० ज्यूल कार्य करावे लागते. पंपाची कार्यक्षमता ४० टक्के धरली, तरी ही वीज एका युनिटचा सुमारे ऐंशीवा भाग होते. एक लिटर पाणी फक्त एक अंशाने तापवायला जितकी ऊर्जा लागते, तितक्या ऊर्जेत तेच पाणी ४२८ मीटर, म्हणजे कुतुबमिनाराच्या जवळजवळ सहापट उंच नेता येते. उष्णता ही फार महाग वस्तू आहे, हे या एका आकड्यावरून ध्यानात ठेवा.

बादली आणि घड्याळ

आता पाण्याकडे वळू. आमच्या नळाखाली बादली ठेवून मोजले, तर मिनिटाला ६ लिटर पाणी येते. सकाळ-संध्याकाळ मिळून नळ २० मिनिटे वाहत होता, म्हणजे १२० लिटर. यांतला बराचसा वेळ नळाखाली भांडे नव्हतेच. हात घासण्यात गुंतले होते. दुसऱ्या दिवशी एका टबात पाणी घेऊन आधी सगळी भांडी घासली, मग दुसऱ्या टबात विसळली आणि शेवटी नळाखाली भरभर धरली. दिवसाला ४० लिटर पुरले. यंत्राला १२ आणि बाहेर राहिलेल्या तवा-कुकराला १५, मिळून २७ लिटर.

रुपये-पैसे

दर असे धरले: वीज युनिटला १० रुपये, नळाचे पाणी हजार लिटरला २० रुपये, टँकरचे २०० रुपये, यंत्राची किंमत ४०,००० रुपये आणि आयुष्य १० वर्षे. यंत्राचा रोजचा खर्च असा:

वीज – १०.०० रुपये
अपमार्जकाची वडी – १५.०० रुपये
मीठ वगैरे – ३.०० रुपये
घसारा – ११.०० रुपये
दुरुस्ती (वर्षाला २,००० रुपये) – ५.५० रुपये
पाणी, २७ लिटर – नळाचे ०.५४, टँकरचे ५.४० रुपये
एकूण – नळाच्या पाण्यावर सुमारे ४५, टँकरवर सुमारे ५० रुपये

भांडी घरच्यांनीच घासली, तर साबण-घासणीचे ४ रुपये आणि पाणी एवढाच खर्च. वाहत्या नळाखाली नळाच्या पाण्यावर ६.४० रुपये, टँकरवर २८ रुपये. टबाच्या पद्धतीने अनुक्रमे ४.८० आणि १२ रुपये. लक्षात घ्या, यंत्र अर्धेच भरून चालवले तरी वीज आणि वडी जवळजवळ तेवढीच लागते. मग दर ताटामागे खर्च दुप्पट होतो.

आणि पाण्याची बचत? वाहत्या नळाशी तुलना केली, तर यंत्र रोज ९३ लिटर, म्हणजे वर्षाला सुमारे ३४,००० लिटर पाणी वाचवते. दोन टब रोज ८० लिटर, म्हणजे वर्षाला २९,२०० लिटर वाचवतात. चाळीस हजारांच्या यंत्राने होणाऱ्या बचतीचा सहासप्तमांश भाग दोन टबांत पदरात पडतो!

हिशेबाबाहेर काय उरले?

हा कागद मी अभिमानाने घरात दाखवला. सौभाग्यवतींनी तो वाचला आणि विचारले, "यात माझा वेळ कुठे आहे?" प्रश्न अगदी रास्त होता. 'घरच्यांनीच घासली तर' असे मी सहज लिहून गेलो होतो. मावशी सुट्टीवर असल्या, की ते 'घरचे' म्हणजे कोण, हे मला ठाऊक होते. भांड्यांना रोज एक तास लागतो. यंत्र असले तरी रचणे, काढणे आणि उरलेली भांडी घासणे यांत २५ मिनिटे जातात. म्हणजे ३५ मिनिटे वाचवायला सुमारे ४० रुपये पडले. जिथे कामाला माणूस मिळत नाही, जिथे नोकरी सांभाळून एकटीवरच सगळे पडते किंवा म्हाताऱ्या हातांना पाणी सोसत नाही, तिथे ही किंमत मुळीच जास्त नाही.

मग मावशींचा रकाना भरला. महिन्याला १,२०० रुपये, म्हणजे दिवसाला ४०. त्यात साबण आणि टबाचे पाणी मिळवले, की सुमारे ४५ रुपये होतात. नळाच्या पाण्यावर यंत्र आणि मावशी यांचा खर्च एकच आला! दोन्हीकडचे पैसे मात्र निरनिराळ्या ठिकाणी जातात, आणि त्यांतले एक ठिकाण महिनाभर आधी कळवा म्हणून दाराशी थांबते. कोणता रकाना निवडावा, हे त्यानंतर भौतिकशास्त्र सांगत नाही. ते आपले आपण ठरवायचे असते.

आम्ही दोन टब आणले. मावशींना पद्धत सांगायला गेलो, तर त्या म्हणाल्या, "गावाकडे आम्ही असंच घासतो, सर. इथे नळ होता म्हणून सोडला." सुट्टीच्या दिवशीची भांडी आता माझ्याकडे आणि मुलीकडे आहेत.

करून पाहा

१) तुमच्या नळाखाली बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा आणि मिनिटाला किती लिटर पाणी येते ते काढा.
२) भांडी घासताना नळ एकूण किती वेळ उघडा असतो आणि त्यांपैकी किती वेळ त्याखाली भांडे असते, हे निरनिराळे टिपा.
३) भांड्यांसाठी ४० लिटर पाणी २० अंशांनी तापवले, तर किती युनिट लागतील? उत्तर यंत्राच्या एका युनिटशी ताडून पाहा.
४) शेवटी एक आठवडा स्वतः भांडी घासा. या प्रयोगाला उपकरण लागत नाही.