राऊटर घेताना भिंतीही मोजा

इचलकरंजीत घर, पेढी आणि माग एकाच आवारात असणे नवीन नाही. खाली हिशेबाचे दोन संगणक, वर मुलांचा अभ्यास आणि इंटरनेटची लाईन एकच. 2018 पासून परराज्यात 50 हजारांवरचा माल धाडायचा तर ई-वे बिल लागते. बालोत्र्याची गाडी दारात भरून उभी आणि बिल निघेना, असे व्हायला नको.

दुकानदार राऊटरच्या अँटेना मोजून दाखवतो. आम्ही आधी मागचे पोर्ट पाहतो. स्वस्त राऊटरचे पोर्ट बहुधा 100 एमबीपीएसचे असतात. 200 चा प्लॅन घेतला तरी केबलवर 100 च्या वर मिळत नाही. म्हणून गिगाबिट पोर्टचाच घ्यावा. जागचे न हलणारे संगणक कॅट-6 केबलनेच जोडावेत. ती 100 मीटरपर्यंत चालते. मागाच्या विजेच्या वायरींपासून दूर, नळीतून न्यावी. उंदीर कोणाचे सगे नसतात!

वाय-फाय मोबाइलसाठी ठेवावे. त्यात 2.4 गिगाहर्ट्झ लांब पोहोचते, 5 गिगाहर्ट्झ वेगवान पण जाड भिंतीपुढे लवकर दमते. पत्रा दोन्हींना अडवतो.

फायबर कंपनीच्या पेटीत बहुधा वाय-फाय असतेच. फक्त पोर्ट कमी पडत असतील तर व्यापारी बंधूंनी नवा राऊटर न घेता गिगाबिट स्विच जोडावा. पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. पेढीवर बसणाऱ्या दलालांना पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क द्यावे, हिशेबाचे नव्हे. पेटी, राऊटर, स्विच आणि बिलाचा संगणक यूपीएसवर असू द्यावेत. वीज गेली की माग थांबतात, बिल तरी निघेल.