तरोट्याला तीन प्रश्न

पहिला पाऊस पडला की बार्शीटाकळीच्या आसपास धुऱ्यांवर म्हणजे शेताच्या बांधांवर, पडीक जागेवर तरोटा उगवतो. पश्चिम महाराष्ट्रात यालाच टाकळा म्हणतात. एवढ्याशा रोपावर मानववंशशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र एकत्र येऊ शकतात. या विषयाला लोकवनस्पतिशास्त्र म्हणतात. ‘एथ्नोबॉटनी’ हा शब्द १८९५ साली अमेरिकेच्या हार्शबर्गर यांनी दिला. भारतात जानकी अम्माळ आणि एस. के. जैन यांनी त्याचा पाया घातला.

सुरुवात माणसांपासून होते. आधी परवानगी, मग गप्पा. ‘तरोटा औषधी आहे ना?’ असं विचारलं की समोरचा मान डोलावतो आणि नोंद वाया जाते. त्यापेक्षा, ‘आजी, हा केव्हा खुडता?’ असं विचारावं. भाजी कोवळ्या पानांची, फुलं येण्याआधीची, हे मग आपसूक कळतं. हाच प्रश्न अनेकांना वेगवेगळं गाठून विचारायचा.

आजीचं काम फुलं येण्याआधी संपतं, वनस्पतिशास्त्रज्ञाचं तिथून सुरू होतं. नुसत्या पानांवरून ओळख पक्की होत नाही, म्हणून पिवळी फुलं आणि लांब शेंगा आल्यावर त्याच धुऱ्यावर पुन्हा जायचं. फांदी वर्तमानपत्राच्या घडीत दाबायची, ओलसर कागद बदलत राहायचं, वाळली की जाड कागदावर चिकटवायची. चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, ठिकाण, गावातलं नाव आणि शास्त्रीय नाव: सेन्ना टोरा. हे नाव लागतंच, कारण ‘ब्राह्मी’ म्हणून दोन अगदी वेगळ्या वनस्पती ओळखल्या जातात.

तिसरा प्रश्न जमिनीचा. मीटरभर लांबी-रुंदीची चौकट ठेवून आतली रोपं मोजायची. तरोटा दाट असला की गाजरगवत मागे हटतं, म्हणून तरोट्याचं बी टाकण्याचा सल्ला दिला जातो. तणनाशक मारलेल्या आणि न मारलेल्या धुऱ्यांवर अशीच मोजणी केली, तर भाजी कुठे कमी झाली तेही दिसतं.

या वाटेने जायचं तर वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी., मग एम.एस्सी., नेट किंवा सेट आणि पीएच.डी. मुलाखती घेण्याची शिस्त मात्र मानववंशशास्त्राच्या माणसाकडून शिकावी लागते. अशा नोंदींसाठी कायदाही आहे, २००२ चा जैवविविधता कायदा. त्याखाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या करायच्या असतात. आजीने सांगितलेलं प्रबंधात जातंच. तिच्या संमतीने ते गावच्या नोंदवहीतही उतरलं, तर तिची नात ते वाचू शकेल.