गाडीखालचा पेट्रोलचा डाग : जुन्या मोटारसायकलची निगा

लालबागच्या मसाला बाजारातून मिरची-धण्याच्या पिशव्या नेणारा दुकानदार असो, मंगलदास मार्केटमधून परळच्या शिंप्याकडे कापडाचे गठ्ठे पोहोचविणारा असो किंवा हत्यारांची पेटी मागे बांधून गिरगाव ते दादर फिरणारा फिटर असो, मुंबईतील लहान धंदेवाल्याचे अर्धे काम मोटारसायकलवर चालते. ही गाडी बहुधा जुनी असते. १९८५ साली आलेली हिरो होंडा सीडी १०० किंवा १९९४ साली आलेली स्प्लेंडर आजही कामावर दिसते. १९९६ मध्ये जिचे उत्पादन थांबले ती यामाहा आरएक्स १०० देखील अनेकांनी जपून ठेवली आहे. नवी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते आणि जुनी गाडी नीट ठेवली तर तशी गरजही नसते. मात्र तिच्याखाली रोज सकाळी पेट्रोलचा डाग दिसू लागला तर त्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आमच्या परिचयाचे एक कटपीसचे व्यापारी आहेत. त्यांची गाडी चाळीच्या लाकडी जिन्याखाली उभी राहत असे. काही महिन्यांपासून गाडीचे अ‍ॅव्हरेज घटले होते. एका गॅरेजवाल्याने इंजिनाचे काम सांगितले, त्यात बरेच पैसे गेले, पण फरक पडला नाही. पुढे एका रात्री शेजारच्या बाईंना पेट्रोलचा वास आला म्हणून दोष सापडला. कार्ब्युरेटरमधील एक लहानशी निडल झिजली होती आणि पेट्रोल रात्रभर गळत होते. त्याच जिन्याखाली एका बिऱ्हाडाची शेगडी होती. त्या रात्री काही झाले नाही, हे नशीबच म्हणावे लागेल.

थेंबाचा हिशेब

व्यापाऱ्याला हिशेब पटतो, म्हणून आम्ही तो मांडतो. दर दोन सेकंदांना एक थेंब पडत असेल तर तासाला १,८०० थेंब होतात. सुमारे ५० थेंबांचे एक मिलिलिटर धरले तर तासाला ३६ मिलिलिटर आणि दहा तासांच्या रात्रीत ३६० मिलिलिटर पेट्रोल जमिनीवर जाते. महिन्याचे झाले दहा लिटरहून अधिक. लिटरला शंभर रुपये धरले तरी हजाराच्या वर रक्कम मातीत गेली. त्यामानाने दुरुस्तीला लागणारे रबर किंवा निडल अगदी स्वस्त पडते.

पण खरा प्रश्न पैशांचा नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून न जाता जमिनीलगत पसरते, जिन्याखाली आणि गटारात साचते. दूरची विडी, शेगडी किंवा वायरची ठिणगीही तिला पुरेशी होते.

गळती कोठून, हे कसे ओळखावे

तपासणी उघड्या जागी आणि इंजिन थंड असताना करावी. जवळ विडी-काडी नको. उजेडासाठी उघडी वायर जोडलेला बल्ब घेऊ नये. कोरड्या फडक्याने टाकी, पेट्रोल कॉक, नळी व कार्ब्युरेटर पुसून घ्यावेत आणि कॉक उघडून काही मिनिटे पाहत राहावे. पेट्रोल वरून खाली ओघळते, म्हणून जेथून थेंब पडतो तेथे दोष असेलच असे नाही. ओली झालेली सर्वांत वरची जागा शोधावी.

नंतर कॉक बंद करावा. गळती थांबली तर दोष कॉकच्या पुढे, म्हणजे नळीत किंवा कार्ब्युरेटरमध्ये आहे. थांबली नाही तर टाकी किंवा खुद्द कॉक संशयित धरावा. कधी कधी कॉक बंद करूनही आतून पेट्रोल सोडत असतो. त्यासाठी कार्ब्युरेटरकडील नळी काढून तिचे तोंड पत्र्याच्या डब्यात धरावे. कॉक बंद असताना डब्यात थेंब पडले तर कॉक खराब आहे.

नळीचे दोष बहुधा तिच्या टोकांना असतात. क्लिपखाली रबर कडक होऊन चिरते. चीर कापून तीच नळी ओढून बसवू नये, नवी घ्यावी.

कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल येत असेल तर फ्लोट आणि निडल पाहावी. बाऊलमध्ये पेट्रोल भरले की फ्लोट वर येतो आणि निडल वाट बंद करते. मध्ये कचरा अडकला तर वाट उघडीच राहते. पेचकसाच्या मुठीने बाऊलला हलकेच ठोकल्यास कचरा कधी कधी सुटतो, पण हा तात्पुरता उपाय झाला. बाऊल उघडून साफ करावा. निडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर ती बदलावी. फ्लोट कानाशी धरून हलवावा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटला आहे. बाऊलच्या सांध्यातून ओल येत असेल तर पॅकिंग बदलावे. स्क्रू जास्त आवळल्याने आटे मात्र जातात.

चार स्ट्रोक गाडीत असे वाहून गेलेले पेट्रोल कधी इंजिनात उतरते. ऑइलची पातळी वाढलेली दिसली किंवा ऑइलला पेट्रोलचा वास आला तर गाडी सुरू करू नये. आधी गळती थांबवावी, ऑइल बदलावे, मगच किक मारावी.

टाकीला गंजून बारीक भोक पडले असेल तर ते कधीही घरी डागू नये. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची, कारण तिच्यात वाफ भरलेली असते. टाकी आधी धुऊन वाफ पूर्ण घालविणाऱ्या जाणत्या कारागिरालाच हे काम द्यावे.

नवे पेट्रोल, जुने रबर

भारतात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. हे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२३ पासून २० टक्क्यांचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले. जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते. ते फुगते किंवा लवकर कडक होते. म्हणून नळी, ओ-रिंग व पॅकिंग घेताना ते वीस टक्के इथेनॉलला चालणारे आहे का, हे दुकानदाराला विचारावे. इथेनॉल हवेतील ओलही ओढून घेते. गाडी महिनाभर गावी न नेता उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून बाऊल रिकामा करावा.

पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून गाडी काढावी लागली तर नंतर बाऊलचा ड्रेन स्क्रू सैल करून पाहावे. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते आणि तेथूनच निघते.

आठवड्याचा अर्धा तास

जे.जे. उड्डाणपुलावर दुचाकीला बंदी असल्याने आपल्या गाड्या खालच्या रस्त्याने, सिग्नलमागून सिग्नल थांबत जातात. इंजिन तापते, क्लच झिजतो. म्हणून दर जुम्म्याला किंवा सुटीच्या दिवशी अर्धा तास गाडीला द्यावा. ऑइलची पातळी व टायरमधील हवा पाहावी. चेन पुसून तेल द्यावे, मधोमध सुमारे दोन ते अडीच सेंटिमीटर खेळ ठेवावा. ब्रेक आणि क्लचची वायर तुटायला आली आहे का ते पाहावे. महिन्यातून एकदा एअर फिल्टर साफ करावा आणि प्लग काढून पाहावा. त्याचे टोक तपकिरी असले तर ठीक, काजळीने काळे झाले असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, पांढरे पडले असेल तर कमी.

रात्री गाडी लावताना कॉक बंद करण्याची सवय घरातील मुलांनाही लावावी. गळतीची शंका असेल तर ती रात्र गाडी जिन्याखाली किंवा कारखान्यात न ठेवता उघड्यावर ठेवावी. पेट्रोलची आग पाण्याने विझत नाही, उलट पसरते. वाळूची बादली जवळ असावी. गाडी आपली असली तरी जिना सर्वांचा असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.