कळकलेलें ताक आणि करडी कणीक

कल्हई उडालेल्या पितळी भांड्यांत ताक ठेवूं नये, हें वेदगंगेच्या कांठच्या मुरगुडासारख्या गांवांतूनही घरोघर ठाऊक असे. पितळ हा तांबें व जस्त यांचा मिश्रधातु. आंबटानें तांब्याचे क्षार पदार्थांत उतरतात; ताक हिरवट होऊन कळकतें, आणि तें प्याल्यास मळमळ व वांती होते. म्हणूनच कल्हईवाला नवसागरानें भांडें साफ करून त्यावर २३२ अंशांस वितळणारें कथील पसरी.

आज यंत्रानें तिंबलेली कणीक करडी दिसली, कीं गृहिणीस तेंच भय वाटतें. येथें मात्र कारण निराळें आहे. यंत्राचा मळण्याचा आंकडा पुष्कळदां ॲल्युमिनियमचा असतो. हवेनें त्यावर ऑक्साइडचा पातळ थर जमतो व तोच धातूस जपतो. भांडीं धुण्याच्या यंत्रांतील तीव्र क्षारांनीं तो थर विरघळतो. मग करडी भुकटी सुटून कणकेस लागते. ती अल्प असते व कळकलेल्या ताकासारखी बाधत नाहीं. तथापि ती खाण्याची वस्तु नव्हे.

असा आंकडा लिंबानें किंवा चिंचेच्या कोळानें घांसावा, सौम्य साबणानें हातानें धुवावा व लगेच कोरडा करावा. पितळेंतील ताक ज्या आंबटानें बिघडतें, तेंच येथें उपयोगी पडतें. पांढऱ्या फडक्यानें पुसून डाग न उमटल्यास तो खुशाल वापरावा.