कोळंबीवर आळ घेण्याआधी

हळदीला गेला होतात. रेवदंडा, चौल, थळ, कुठलंही गाव धरा. डीजे, जेवण, मग दोन वाजेपर्यंत नाच. सकाळी उठून बघता तर ग्रुपवर मेसेजचा पाऊस. अमक्याला उलट्या, तमकीला सलाइन, काकांना जुलाब. अकरा वाजेपर्यंत निकालही लागलेला असतो : 'कोळंबी खराब होती!' मग ज्या मावशींकडून ती घेतली, त्यांच्या पाटीकडे पुढचे कितीतरी दिवस कुणी फिरकत नाही.

पण कोळंबीच होती हे ठरवलं कशावरून? 'आजारी पडलेल्या सगळ्यांनी खाल्ली होती ना!' अहो, आपल्याकडे हळदीला म्हावरं सोडणारा माणूस शोधून दाखवा. जे ठणठणीत आहेत त्यांनीही खाल्लीच असेल. त्यांना कुणी विचारलं का?

नेमका हाच प्रश्न विचारायला लावणारं एक सॉफ्टवेअर आहे, 'एपी इन्फो'. अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने ते साथींच्या तपासासाठी बनवलं. पहिली आवृत्ती १९८५ ची, डॉसवर चालणारी, फुकट. प्रश्नावलीचा फॉर्म बनवा, माहिती भरा, कमांड द्या, तक्ता समोर. त्याच्यासोबत सरावासाठी एका खऱ्या घटनेचा डेटा मिळतो. मास कॉमवाल्यांची गणिताशी दहावीनंतरच फारकत झालेली असते, तरी हा सराव मला जमला. म्हणून तुम्हालाही सांगतेय.

घटना आहे १८ एप्रिल १९४० ची. न्यूयॉर्क राज्यातल्या ओस्वेगो काउंटीत लायकमिंग नावाचं गाव, तिथे चर्चमध्ये रात्रीचं जेवण होतं. ८० जण आले होते, त्यातल्या ७५ जणांशी तपास करणाऱ्यांना बोलता आलं. ४६ आजारी. सगळ्यांना एकेका पदार्थाबद्दल विचारलं, आजारी असो वा नसो.

आता बेक केलेला हॅम घ्या. ४६ आजाऱ्यांपैकी २९ जणांनी तो खाल्ला होता. आपल्या ग्रुपवर असता तर हॅमचा तिथेच निकाल लागला असता! पण पुढे बघा. हॅम खाणारे एकूण ४६, त्यातले २९ आजारी, म्हणजे ६३ टक्के. न खाणारे २९, त्यातले १७ आजारी, म्हणजे ५९ टक्के. खा किंवा नका खाऊ, फरक जवळपास नाहीच. हॅम निर्दोष.

मग व्हॅनिला आइस्क्रीम. खाणारे ५४, आजारी ४३, म्हणजे जवळपास ८० टक्के. न खाणारे २१, आजारी फक्त ३, म्हणजे १४ टक्के. खाणाऱ्यांना धोका साडेपाच पट. सापडला! एपी इन्फोत यासाठी एकच ओळ लिहायची : टेबल्स, व्हॅनिला, इल. चार घरांचा तक्ता येतो. ती चार घरं समजली की निम्मं काम झालं, आणि ती वहीवरही आखता येतात.

खरी गंमत चॉकलेट आइस्क्रीममध्ये आहे. ते खाणारे ५३ टक्के आजारी, न खाणारे मात्र ७४ टक्के! म्हणजे चॉकलेट औषध निघालं की काय? तर नाही. ज्यांनी चॉकलेट घेतलं नाही, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या वाटीत व्हॅनिला असणार. म्हणून व्हॅनिला खाणारे आणि न खाणारे असे दोन गट वेगळे करून मग चॉकलेटचा हिशेब बघायचा. सॉफ्टवेअर हे क्षणात करून देतं, पण करायला सांगावं आपल्यालाच लागतं.

आणखी एक. चॉकलेटची बेरीज ७४ येते, ७५ नाही. एकाचं उत्तरच नाही. ते घर रिकामंच ठेवायचं. 'नाही' भरायचं नाही. 'नाही खाल्लं' आणि 'माहीत नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंटाळा आला म्हणून आपण कॉलेजच्या सर्व्हेत रिकामी घरं कशी भरतो, ते आठवा जरा!

आणि आजारी म्हणजे कोण, हेही आधीच ठरवावं लागतं. एकदाच मळमळलं तो धरायचा का? तासाभरातली उलटी की दोन दिवसांनंतरची? व्याख्या ठरली की एका माणसाला एक ओळ : वय, गाव, त्रास कधी सुरू झाला, काय खाल्लं, पाणी कुठलं प्यायला. याला 'लाइन लिस्ट' म्हणतात. ती घाणेरडी असेल तर पुढचं सगळं सॉफ्टवेअर वाया. 'अलिबाग', 'अलीबाग' आणि 'अलिबाग ता.' ही कॉम्प्युटरला तीन वेगळी गावं वाटतात.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर महाडकडे बघा. १९७६ पासून बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर विंचूदंशाचे रुग्ण बघत होते. ही साथ नव्हे, पण शिस्त तीच. घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय, रक्तदाब, प्रत्येक रुग्णाजवळ बसून नोंदी. त्यातून लाल विंचवाचं विष हृदयावर कसं उतरतं ते उलगडलं, १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं आणि पुढे प्राझोसिन हे औषध कामी आलं. पूर्वी ३० टक्क्यांच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या नोंदी सुरू झाल्या तेव्हा एपी इन्फो जन्मलंही नव्हतं.

आज नोंदींची साखळी सरकारीच आहे. २००४ पासून देशात साथरोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम चालतो, २०२१ पासून त्याचं ऑनलाइन पोर्टल आहे. उपकेंद्रातली आरोग्यसेविका लक्षणं नोंदवते, डॉक्टर संशयित आजार आणि प्रयोगशाळा पक्कं निदान. पूर ओसरल्यावर चिखलात उतरलेल्यांना ताप आला की लेप्टोची शंका इथूनच वर जाते. पण त्या ओळी बारकाईने वाचणारी, नीट भरणारी माणसं हवीत, आणि ती डॉक्टरच असली पाहिजेत असं नाही. बीएस्सीवाले, कॉम्प्युटरवाले, भूगोलवाले, सगळ्यांना यात जागा आहे. एपी इन्फोवरच अडून राहू नका. 'आर' ही फुकट भाषा याहून खूप पुढे नेते, आणि चार घरं तर एक्सेलमध्येही होतात.

आणि पुढच्या हळदीनंतर असं काही झालंच, तर उरलेलं जेवण घाईघाईने फेकू नका. प्रत्येक पदार्थ वेगळ्या स्वच्छ डब्यात, झाकण लावून, वर नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवा आणि डब्यांना घरात कुणालाही हात लावू देऊ नका. आरोग्य केंद्राला फोन करा. ते येईपर्यंत पाहुण्यांची यादी काढून ठेवा. सगळ्यांची, बरे असलेल्यांचीसुद्धा.