आजीची जट आणि आपली घाई

भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि त्याच घरात आजीच्या पदराखाली जट. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वस्त्यांत काम करताना हे आम्ही पाहतो. नातू चिडतो, आजी गप्प बसते. जट का होते, हे दोघांनाही कुणी नीट सांगितलेले नसते.

माणसाचे रोज साधारण 50 ते 100 केस गळतात आणि फणीने निघून जातात. आजारपण, बाळंतपण किंवा मानसिक ताणात विंचरणे थांबले, की गळलेले केस डोक्यातच अडकतात. त्यात तेल, घाम, धूळ बसून गुंता घट्ट होतो. मग कुणीतरी 'देवी आली' म्हणते, भंडारा लावते आणि फणी कायमची बंद होते. जट त्यामुळेच वाढते. याच जटेच्या नावाने यल्लम्माला मुली सोडल्या गेल्या, त्यांत आपल्या दलित समाजातल्या मुली फार.

जुनी जट जड होते. मान दुखते, केसांची मुळे ओढली जातात. आत ओल राहून खाज आणि दुर्गंधी येते, उवाही राहतात. पावसाळ्यात तर ती वाळतच नाही.

आज काही तरुण हौसेने ड्रेडलॉक्स ठेवतात. ते धुतात, वाळवतात, कंटाळा आला की कापतात. आजीला मात्र कापले तर घरात कुणी मरेल, अशी भीती असते. आधी ही भीती घालवायला हवी.

उरुवेल काश्यप आणि त्याचे दोन भाऊ जटाधारी होते. बुद्धांचे म्हणणे पटल्यावर त्यांनी स्वतःहून जटा उतरवून नदीत सोडल्या. बुद्धांनी जबरदस्ती केली नाही. आम्हीही हेच पाळतो:

1. पहिल्या भेटीत कात्रीचा विषय काढू नका. तब्येतीची चौकशी करा, ऐकून घ्या.
2. बोलणी महिला कार्यकर्तीने करावीत. जट काढलेली एखादी बाई सोबत असेल तर उत्तम.
3. तिचा स्वतःचा होकार हवा. तिला विचारल्याशिवाय फोटो काढू नका.
4. टाळूवर जखम असेल तर आधी डॉक्टर. कापताना मुळाशी दोन बोटे केस राखा, टक्कल करू नका.
5. नंतर काही महिने जात राहा. साधा ताप आला तरी घरचे 'देवी कोपली' म्हणतील. तेव्हा तिच्या बाजूला कुणीतरी हवे.

ती नाही म्हणाली, तर नाते तोडू नका. आठवड्यातून एकदा मुळे शाम्पूने धुवा, पिळून उन्हात पूर्ण वाळवा, ओली जट बांधू नका, एवढे शिकवा. दैवी शक्तीचा दावा करून कुणी तिला लुबाडत असेल, तर 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. पोलीस ठाण्यात तक्रार करा.

या वर्षावासात आपल्या विहारात येणाऱ्या प्रत्येक आजीजवळ दोन मिनिटे बसा. पदराआड काय आहे, ते विश्वास बसला की तीच सांगेल.

जयभीम, नमो बुद्धाय.