साडेचार इंचांचा चौरस

एखाद्या प्रयोगाची लेखी कृती बरोबर आहे की नाही, हे कोणी तपासावे? त्या विषयातील जाणकाराने, असे तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हटले असते. पण गेल्या दिवाळीच्या सुट्टीत कापडाच्या काही तुकड्यांनी माझे मत बदलले.

अमेरिकेत कापडाचे तुकडे जोडून ‘क्विल्ट’ शिवतात. आपल्या गोधडीचीच ही चुलत बहीण. मात्र तिचे तुकडे मोजून कापतात, ते जोडून एकेक चौरस ‘ब्लॉक’ तयार करतात आणि असे अनेक ब्लॉक एकमेकांना शिवतात. नवा ब्लॉक रचणारे त्याची कृती विकण्यापूर्वी ती दुसऱ्याकडून शिवून पाहतात. माझी मावसबहीण तिकडे असे नमुने तयार करते. तिने एका चांदणीची कृती माझ्या आईकडे चाचणीसाठी पाठवली.

ब्लॉक १२ इंचांचा. त्यात ४ इंचांची ९ घरे. मधल्या व कोपऱ्यांतील घरांत अखंड चौरस, उरलेल्या चार घरांत प्रत्येकी दोन काटकोन त्रिकोण. शिवणीसाठी प्रत्येक कडेला पाव इंच कापड जादा सोडतात. त्याला ‘माया’ म्हणतात. म्हणून ४ इंचांच्या घरासाठी चौरस साडेचार इंचांचा कापावयाचा. कृतीत पुढे लिहिले होते : त्रिकोणांसाठीही साडेचार इंचांचे चौरस घेऊन ते कर्णावर कापा.

आईने ब्लॉक शिवला. कडेच्या मायेसह तो साडेबारा इंच नेमका भरला. ‘कृती बरोबर’ असे कळवण्यापूर्वी गंमत म्हणून मी ती कागदावर करून पाहिली. मला शिवणाचे ज्ञान शून्य, म्हणून लिहिले होते तसेच केले. माझी त्रिकोणांची घरे सव्वाचार इंचांपेक्षाही लहान निघाली! आईला विचारले, तर ती म्हणाली, “अरे, तिरक्या शिवणीत कापड जास्त जातं. मी त्रिकोण थोडे मोठेच कापले.”

तिच्या सवयीच्या हातांनी कृतीतील चूक गुपचूप दुरुस्त केली होती!

आता कारण पाहू. शिवण कर्णाला समांतर, पाव इंच आत असते. हे अंतर कर्णाला लंब मोजलेले आहे. त्रिकोणाची बाजू कर्णाशी ४५ अंशांचा कोन करते, म्हणून बाजूवर ते √२ पट, म्हणजे ०.२५ × १.४१४ = ०.३५४ इंच भरते. साडेचार इंचांतून तेवढे गेले की उरतात ४.१४६ इंच. तूट सुमारे ९ मिलिमीटर! म्हणून सुरुवातीचा चौरस ४.८५४ इंचांचा हवा. क्विल्ट शिवणारे सोयीसाठी ४.८७५, म्हणजे चार पूर्णांक सात-अष्टमांश इंच घेतात. जादा राहते ते जेमतेम अर्धा मिलिमीटर.

तुम्हीही करून पाहा. माया १ सेंटिमीटर धरा. ६ सेंटिमीटर बाजूचा कागदी चौरस कर्णावर कापा. दोन्ही तुकड्यांच्या कर्णाकडील १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी कापून टाका आणि तुकडे चिकटपट्टीने जोडा. बाजू सुमारे ४.६ सेंटिमीटर भरेल. पुन्हा ६ सेंटिमीटर भरण्यासाठी सुरुवात किती मापाने करावी, ते आधी गणिताने काढा, मग कापून पडताळा.

मी बहिणीला दोन्ही निष्कर्ष कळवले. तिने माप सुधारले. नाहीतर तिची कृती विकत घेणाऱ्या नवशिक्यांनी चांगले कापड कापून वाया घालवले असते, आणि वर दोष आपल्याच हातांना दिला असता.

लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९४० आले, तरी पुस्तकात ९८० आहे म्हणून वहीत ९८० लिहिणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. आईने निदान विचारल्यावर सांगितले. वही मात्र काहीच सांगत नाही. तेव्हा मित्रांनो, लिहिले आहे तसे करा, आणि आले आहे तेच लिहा. चूक शोधण्याची सुरुवात तेथूनच होते.